स्क्रू कॉम्प्रेसर घेतला: मशिनला चार स्टार, पहिल्या हिशेबाला एक

भोसरीत माझं छोटं सीएनसी जॉबवर्कचं युनिट आहे. मशिन्सना दाबाची हवा पुरवणारा २० एचपीचा जुना स्क्रू कॉम्प्रेसर बदलायचा होता. डीलरचं नाव लिहीत नाही. निम्मी तक्रार आहे आणि मशिन अजून वॉरंटीत आहे.

व्हीएफडीवालं, म्हणजे हवेच्या गरजेप्रमाणे मोटरचा वेग कमी-जास्त करणाऱ्या ड्राइव्हचं मॉडेल साध्यापेक्षा १ लाख ८० हजारांनी महाग. मी म्हटलं, फार होतात. सेल्सवाल्याने डिस्काउंटचं नावही न काढता लॅपटॉप उघडला. "साहेब, पंधरा महिन्यांत पैसे वसूल." हे आवडलं. भाव पाडणारे रोज दोन येतात, हिशेब मांडणारा एखादाच.

पण हिशेब कोणाचा? शीटमध्ये मशिन २४ तास, वर्षाचे ३०० दिवस चालतं. आमची दीड शिफ्ट, १२ तास. तेवढा एक आकडा बदलला की पंधराचे तीस महिने. विचारलं तर म्हणे, "ग्रोथ धरलीये साहेब." माझी ग्रोथ यानेच धरून टाकली! चहा पाजून परत पाठवला.

नंतर त्यांचा सर्व्हिस इंजिनिअर आला, पोरगेलासा. मुद्दाम गुरुवारी, आमच्या सुट्टीच्या दिवशी. सगळी मशिन्स बंद, फक्त कॉम्प्रेसर चालू. हवा कोणीच वापरत नाही, तरी तो २४ सेकंद लोड (हवा भरतोय), ९६ सेकंद अनलोड (नुसता फिरतोय), की परत लोड. म्हणजे २० टक्के हवा गळतीत. एरवी आवाजात कळत नाही, त्या दिवशी फुसफुस स्पष्ट ऐकू येत होती. एका कपलरवर साबणाचं पाणी सोडलं तर फेसाचा गोळाच झाला. मग क्लॅम्प मीटर लावून दाखवलं, अनलोडमध्येही मशिन ५ किलोवॅट खेचतंय. पॅनेलवरचे रनिंग आणि लोडचे तास वाचून माझ्याच चलनाच्या पाठीमागे लिहिलं: ३,६०० तासांतले ४० टक्के अनलोड, म्हणजे १,४४० तास, गुणिले ५, म्हणजे ७,२०० युनिट, १० रुपये दर धरून वर्षाला ७२ हजार. ड्राइव्हने हे वाचले तर वरचे १ लाख ८० हजार वसूल व्हायला अडीच वर्षं.

"आणि काका, गळती आधी काढा. त्याला नवीन मशिन लागत नाही."

किमतीत एक रुपया सोडला नाही. ऑर्डर दिली.

सहा महिने झाले. वीजबिलात साधारण साडेसात हजार युनिट कमी आलेत. त्यात गळतीचे किती आणि ड्राइव्हचे किती, मला वेगळं काढता येत नाही. आवाज कमी आहे, प्रेशर हलत नाही. एक स्टार कापला तो ड्राइव्ह पॅनेलच्या फिल्टरपायी. ग्राइंडरच्या धुळीने तो महिन्यात चोंदतो, आणि हे दोघांपैकी कोणीच बोललं नव्हतं. दर बुधवारी संध्याकाळी काढून हवा मारतो. त्याच कॉम्प्रेसरची.