द थर्टीन्थ फ्लोअर: हिरोला सोडा, बारमनकडे बघा

१९९९ साली खोट्या जगाच्या पिक्चरची नुसती रांग लागली होती. मार्चच्या शेवटी मॅट्रिक्स, एप्रिलमध्ये क्रोननबर्गचा एग्झिस्टेन्झ आणि मे महिन्यात हा. आता लांब काळा कोट घालून गोळ्या चुकवणारा कियानू रीव्ह्ज नुकताच बघून आलेल्या पब्लिकला यानं दाखवलं काय, तर हॅट घातलेली माणसं, जुन्या मोटारी, हॉटेलातला बँड आणि एक खून. चालणार कसा? नाहीच चालला. पण मला विचाराल तर याच्यात एक गोष्ट अशी आहे जी मॅट्रिक्सला सुचलीच नाही. मॅट्रिक्समध्ये आत फसलेली माणसं शेवटी खरीच असतात, त्यांचं शरीर बाहेर कुठंतरी पडलेलं असतं, वायर काढली की सुटका. इथं आतल्या माणसाला बाहेर शरीरच नाही. तो नुसता प्रोग्रॅम आहे आणि त्याला ते कळतं.

(पुढे सगळे स्पॉयलर आहेत. पिक्चर एवढा जुना आहे, आता तक्रार नको.)

लॉस एंजेलिसमधली एक कंपनी, इमारतीचा तेरावा मजला, आणि तिथल्या मशीनमध्ये १९३७ सालचं अख्खं लॉस एंजेलिस चालू. आपण मशीनवर आडवं व्हायचं आणि आतल्या, आपल्यासारख्याच दिसणाऱ्या एखाद्या माणसाचा ताबा घ्यायचा. म्हणजे अक्षरशः अंगात येणं, फक्त उलट बाजूनं. कंपनीचा मालक फुलर हा म्हातारा आत जाऊन काय करतो तर ग्रिअर्सन नावाच्या एका सज्जन पुस्तकविक्याच्या अंगात शिरून तरुण पोरींबरोबर मजा मारतो, आणि याचं आटपलं की तो बिचारा परत आपल्या संसारात, मधले तास कुठं गेले त्याला काही पत्ता नाही, बायकोला मात्र संशय. हा एवढासा धागा पिक्चरमध्ये येऊन जातो पण सगळ्यात जास्त डोक्यात राहतो, कारण इथं पहिल्यांदा जाणवतं की वरचे लोक ज्याला टेस्टिंग म्हणतायत ते खालच्यांसाठी काय आहे.

मग फुलरला काहीतरी भयंकर कळतं, तो हिरोसाठी एक पत्र लिहून आतल्याच एका हॉटेलच्या बारमनकडे ठेवतो आणि त्याचा खून होतो. बारमन म्हणजे व्हिन्सेंट डोनोफ्रिओ, नाव ॲश्टन, बारीक मिशी, चापून बसवलेले केस. वर मशीन सांभाळणारा ढगळ कपड्यांतला लांब केसांचा व्हिटनी पण तोच, आणि दोघांच्या चालण्याबोलण्यात इतका फरक की पहिल्या वेळी पटकन ओळखू येत नाही. तर हा ॲश्टन पत्र फोडून वाचतो. त्यात सांगितलेलं असतं की गाडी काढ, जिथं तू कधीच गेला नसतास अशा ठिकाणी जा, थांबू नकोस. तो जातो. आणि एका जागी जग संपतं. हे सगळं तो नंतर हिरोला सांगतो, आधी घाबरलेला आणि मग संतापलेला, आणि डोनोफ्रिओनं तो राग असा काही दाखवलाय की हिरोऐवजी आपण त्याच्या बाजूनं होतो. पुढे हिरो स्वतःच्या जगात तसाच गाडी घेऊन निघतो, तेव्हा तिथली कड आपल्याला दिसते, म्हणजे त्याचं जगही मशीनमधलंच: डोंगर, रस्ता, आभाळ हळूहळू नुसत्या हिरव्या रेषांच्या जाळीत विरघळलेलं. इफेक्ट आज साधा वाटेल. पण याहून जास्त काही दाखवलं असतं तर उलट मजा गेली असती.

आता वैताग. हिरो क्रेग बिअर्को दिसायला चांगला आहे, पण स्वतःचं जग खोटं आहे हे कळल्यावर त्याचा चेहरा आणि बस चुकल्यावरचा चेहरा यात मला फरक दिसला नाही. वरून प्रेमकथा. ती जेन हिरोच्याही वरच्या जगातून, २०२४ मधून आलेली, तिचा नवरा विकृत खुनी झालाय, म्हणून ती त्याच नवऱ्याच्या सिम्युलेटेड कॉपीवर, म्हणजे आपल्या हिरोवर, प्रेम करते आणि शेवटी ही कॉपी नवऱ्याच्या शरीरात जागी होते. ग्रिअर्सनच्या बाबतीत जे पाप होतं तेच इथं हॅपी एंडिंग! नवरा खुनी होता म्हणून आपल्याला चालून जातं, पण पिक्चरला आपण काय केलं याचा पत्ताच नाही, समुद्रकिनारा आणि गोड म्युझिक लावून मोकळा. आणि बारमनला एकदाचं हिरोच्या जगात आणलं तर पटकन निकालात काढला, जे मला अजून पटलेलं नाही.

तीच मूळ कादंबरी, डॅनिअल गलूयची १९६४ ची सिम्युलॅक्रॉन ३, फासबिंडरनं १९७३ मध्ये जर्मन टीव्हीसाठी केली होती, वर्ल्ड ऑन अ वायर, दोन भाग, साडेतीन तासांच्या आसपास. कॉम्प्युटर इफेक्ट नाहीतच, नुसते आरसे, काचा आणि पार्टीत पुतळ्यासारखे उभे लोक. तिथं एका पार्टीत बोलता बोलता एक माणूस गायब होतो आणि दुसऱ्या दिवसापासून तो कधी होता हेच कुणाला आठवत नाही, हिरो सोडून. आतून वर येऊ बघणारा माणूस तिथंही आहे, त्याचं नाव आइनस्टाइन, आणि त्याला जास्त नीट जागा मिळालीय. एग्झिस्टेन्झनं हेच गमतीत उडवलंय, गेममधलं पात्र योग्य डायलॉग मिळेपर्यंत नुसतं मान हलवत उभं. हसू येतं पण त्या पात्राची कीव करायला क्रोननबर्ग थांबत नाही, त्याचं लक्ष गेम जोडायला पाठीच्या कण्यात पाडलेल्या भोकाकडे.

माझ्याकडून पाचपैकी साडेतीन, त्यातले दोन एकट्या डोनोफ्रिओचे. बघायचाच असेल तर फासबिंडरच्या आधी बघा. आधी तो बघितलात तर इथला खुनाचा सस्पेन्स पहिल्या अर्ध्या तासातच फुटेल, आणि मग बिअर्कोकडे बघत बसण्याशिवाय हातात काही राहत नाही.