सिमटॉवर: खोलीभाड्याचा हिशोब, पावसाळ्यापासून सीझनपर्यंत खेळून

हॉटेलच्या खोल्यांतून जास्तीत जास्त पैसा कसा उभा करायचा, हे समजून घ्यायला मला सगळ्यात उपयोगी पडलेला खेळ म्हणजे १९९४ सालचा सिमटॉवर हा कॉम्प्युटर गेम. युत सायतो या जपानी डिझायनरचा हा खेळ जपानबाहेर मॅक्सिस कंपनीने आणला. नाव टॉवरचं आहे आणि त्यात ऑफिसं, फ्लॅट, दुकानं असं सगळंच बांधावं लागतं, पण मला त्यातलं हॉटेलच आवडतं. गोव्यात मांद्र्याला आमचं घरचं गेस्ट हाउस आहे. पावसाळ्यात गिऱ्हाईक नसतं तेव्हा हा खेळ लावला आणि आता सीझन भरात आला तरी रात्री खेळणं चालूच आहे.

यातली मुख्य कमाई तीन प्रकारची. फ्लॅट एकदाच विकायचा, ऑफिसचं भाडं तिमाहीला येतं आणि हॉटेलच्या खोलीचे पैसे पाहुणा सकाळी निघताना पडतात. खेळातला आठवडा तीन दिवसांचा, दोन कामाचे आणि एक सुटीचा, आणि अशा एका आठवड्याचीच एक तिमाही धरतात. म्हणजे ऑफिसचं भाडं एकदा येईपर्यंत हॉटेलची खोली तीनदा विकता येते. अट एवढीच, की तिन्ही संध्याकाळी ती खोली पाहुण्याला देण्यासारखी हवी. माझ्या मते या खेळात खोलीचं उत्पन्न वाढवण्याचा खरा मार्ग हाच आहे. भाडं वाढवणं ही त्यानंतरची गोष्ट.

तरी हात पहिल्यांदा भाड्याकडेच जातो, कारण ते सोपं आहे. खोलीवर क्लिक केलं की भाड्याचे टप्पे दिसतात आणि पाहुणे किती खूश आहेत हे दाखवणारी पट्टी दिसते: निळी म्हणजे उत्तम, पिवळी म्हणजे बरं, लाल म्हणजे पाहुणा परत येणार नाही. भाडं, शेजारचा आवाज आणि लिफ्टसाठी लागलेला वेळ, या तिन्हींवर ती हलते. मी भाड्याला शेवटी हात लावते. आधी हॉटेलचे मजले ऑफिसं आणि खाण्याच्या दुकानांपासून लांब ठेवायचे, मग लिफ्ट सुधारायची, पट्टी भरपूर निळी झाली की त्या खोल्यांचं भाडं एक टप्पा वर न्यायचं. दोन दिवस बघायचं. पट्टी पिवळ्यावर टिकली आणि खोली रोज भरत असली तर तेच तिचं योग्य भाडं. पट्टी पूर्ण निळी राहिली तर आपण पैसे सोडून देतोय असं समजावं.

लिफ्ट हा तर या खेळाचा जीवच. दारात ताटकळणारी माणसं आधी काळी, मग गुलाबी, मग लाल होतात. साधी लिफ्ट तीस मजल्यांपर्यंतच जाते आणि अख्ख्या इमारतीत लिफ्टचे चोवीसच शाफ्ट, म्हणजे उभे मार्ग, घालता येतात, त्यामुळे एकही वाया घालवून चालत नाही. मी हॉटेलच्या मजल्यांना वेगळी लिफ्ट देते आणि ऑफिसच्या मजल्यांवर तिचे थांबे बंद करते. संध्याकाळी ऑफिसवाले खाली उतरत असतात तेव्हाच पाहुणे वर चढत असतात, एकाच लिफ्टवर दोन्ही आले की दोघंही लाल. याच कारणासाठी मला स्वीट, म्हणजे मोठी आलिशान खोली, आवडतो. डबल रूममध्ये दोन माणसं, स्वीटमध्येही दोनच, पण भाडं कितीतरी जास्त. लिफ्टवर भार तेवढाच. इमारत वाढते तसे तिला दर्जाचे तारे मिळतात; स्वीट तीन तारे मिळाल्यावरच उघडतो, त्यासाठी इमारतीत एक हजार माणसं लागतात. शिवाय स्वीटच्या पाहुण्यांना पार्किंग हवं. पुढे चौथ्या ताऱ्यासाठी जो व्हीआयपी येतो, त्याचीही सोय स्वीटमध्येच करावी लागते. म्हणून पार्किंगसाठी तळघराची जागा मी सुरुवातीपासून राखून ठेवते.

हाउसकीपिंगची बाब मात्र सविस्तर सांगायला हवी. सकाळी पाहुणा गेला की खोली अस्वच्छ होते आणि झाडून झाल्याशिवाय संध्याकाळी विकली जात नाही. सफाईवाल्या बायका पाहुण्यांच्या लिफ्टने जात नाहीत, त्यांना सर्व्हिस लिफ्टच लागते. मी खेळाचा वेग कमी करून एकच मजला न्याहाळत बसते. बाई सर्व्हिस लिफ्टमधून बाहेर येते, पहिल्या खोलीत शिरते, मग पुढची, मग त्याच्या पुढची. लिफ्ट मजल्याच्या एका टोकाला आणि खोल्या दुसऱ्या टोकाला असल्या तर तिचा वेळ चालण्यातच जातो. संध्याकाळी त्यांचं काम थांबतं. उरलेल्या खोल्या त्या रात्री रिकाम्या आणि त्या रात्रीचे पैसे कायमचे गेले. काही दिवस खोली तशीच राहिली तर झुरळं होतात, ती शेजारच्या खोल्यांत पसरतात आणि मग खोली पाडून नव्याने बांधण्याशिवाय इलाज नाही. म्हणून माझा नियम असा: सर्व्हिस लिफ्ट हॉटेलच्या मधोमध, हाउसकीपिंगची खोली त्याच मजल्यांच्या आसपास आणि नवीन खोल्या बांधायच्या आधी सफाईसाठी नवीन बायका. खोल्या वाढवून उत्पन्न घटलेलं दिसलं तर पहिल्यांदा सर्व्हिस लिफ्टकडे बघा.

आमच्या धंद्यातही नेमकं हेच असतं. काकी गेली कित्येक वर्षं एकच वाक्य सांगते, "अगं, आधी खोली बघून ये, मग रेट सांग." जुलैत चादरी वाळत नाहीत, चवथीला कामाची मुलं गावी जातात, अशा दिवसांत दारात गिऱ्हाईक उभं असूनही खोली देता येत नाही. खेळ सुरू केल्यापासून मी वहीत उपलब्ध खोलीमागे उत्पन्न असा रकाना आखला. समजा दहा खोल्या आहेत. ३,००० रुपयांना सहा गेल्या तर १८,००० आले, म्हणजे दर खोलीमागे १,८००. २,४०० ला नऊ गेल्या तर २१,६००, दर खोलीमागे २,१६०. भरलेल्या खोलीला धुणं-झाडणं-नाश्ता मिळून तीनशे खर्च धरला तरी १६,२०० विरुद्ध १८,९००. पण नववी खोली वेळेत तयार होणार असेल तरच हा हिशोब खरा. हे मला खेळातल्या त्या एका मजल्याने जितकं पक्कं समजावलं, तितकं कुठल्या व्याख्यानाने समजावलं नव्हतं.

आता काय नाही ते. खेळात ऋतूच नाहीत. गोव्यात नाताळ ते नववर्षाचा आठवडा आणि जुलैतला मंगळवार यांना एक भाडं लावणारा टिकणार नाही. बुकिंग रद्द होणं नाही, पोर्टलचं कमिशन नाही, एक्स्ट्रा बेड नाही. करही नाही, आणि आपल्याकडे करामुळे भाड्याला पायरी पडते. २२ सप्टेंबर २०२५ पासून रोजचं भाडं ७,५०० पर्यंत असलं तर जीएसटी ५ टक्के, त्यावर गेलं की १८. म्हणजे ७,५०० ची खोली पाहुण्याला ७,८७५ ला पडते आणि ७,६०० ची ८,९६८ ला. आपण शंभर वाढवले, पाहुण्याचे हजाराहून जास्त वाढले. असली पायरी खेळात असती तर फार मजा आली असती. सगळ्या खोल्यांचं भाडं एका झटक्यात बदलण्याची सोयही मला हवी होती, एकेक खोली क्लिक करत बसणं कंटाळवाणं आहे.

सोळा-बिटच्या जमान्यातला खेळ असल्यामुळे आजच्या चौसष्ट-बिट विंडोजवर तो सरळ चालत नाही. मी व्हर्च्युअल मशीनमध्ये जुनं विंडोज टाकून त्यात चालवते. चित्रं साधी, खिडकी लहान, पण सकाळी दिवे विझून मजले जागे होतात ते बघायला अजूनही छान वाटतं.

घेऊन बघणाऱ्यांना एकच सल्ला: शंभर मजल्यांच्या मागे लागू नका. दोन तारे मिळाले, खोल्या बांधायला मिळाल्या, की तीन-चार मजल्यांचं हॉटेल करा आणि एकही खोली संध्याकाळी अस्वच्छ राहत नाही असं जमेपर्यंत वर चढू नका. सर्व्हिस लिफ्टचा शाफ्ट मात्र तेव्हाच आखून ठेवा, नंतर मधोमध जागा करायची तर भरलेल्या खोल्या पाडाव्या लागतात.