केसांतली खनिजं तपासणारं किट: रिपोर्ट देखणा, उपयोग बेताचा

माझी, ह्यांची आणि सासूबाईंची, तिघांची तपासणी केली. लॅबचं नाव लिहीत नाही. सोय चोख आहे. मानेजवळचे केस मुळापाशी कापून पाकिटात घालायचे, कुरियरवाला दारात येतो. सुई टोचायची नाही म्हणून सासूबाई खूश.

रिपोर्टमध्ये माझं कॅल्शियम लाल पट्टीत, ह्यांचं हिरव्या. अहो, बायकांच्या केसांत कॅल्शियम-मॅग्नेशियम पुरुषांपेक्षा सहसा जास्तच सापडतं, वयाप्रमाणेही आकडे बदलतात. मग तिघांना एकच 'नॉर्मल' कसं? फोन केला तर पलीकडची मुलगी म्हणाली, "मॅडम, सॉफ्टवेअर तसंच आहे." झालं!

ह्यांचं झिंक आभाळाला टेकलेलं. कोंड्याच्या शाम्पूच्या बाटलीवर 'झिंक पायरिथिऑन' ठळक छापलंय, पण फॉर्ममध्ये शाम्पूचा रकानाच नाही. केसांच्या रंगाचाही नाही.

पारा अंगात गेला असेल तर त्याचा माग केसांत लागतो. केस महिन्याला साधारण १ सेंमी वाढतो, त्यामुळे मागचे काही महिने वाचता येतात. तिथे ही तपासणी कामाची. पण २००१ साली अमेरिकेत एकाच निरोगी व्यक्तीचे केस सहा लॅबना दिले, तर आकड्यांचा मेळच बसला नव्हता.

शेवटच्या पानावर त्यांच्याच गोळ्यांची यादी, किमतीसकट. घेतल्या नाहीत. सासूबाईंना थकवा येतो, त्यासाठी डॉक्टरांनी रक्तातलं फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा दाखवणारी तपासणी) करायला सांगितलंय. सुई टोचावीच लागणार.

पाचपैकी दोन तारे, दोन्ही कुरियरवाल्याला.