वतनाची थकबाकी मिळवून देणारी मंडळी

‘तुमच्या वतनाची, म्हणजे पिढीजात अधिकारपदाच्या उत्पन्नाची, थकबाकी मिळवून देतो’ असं सांगत आलेल्या मंडळींनी आमच्या काकांचे ८६,१०० रुपये नेले. ते परत येतील अशी आशा घरात कुणालाच उरलेली नाही. पण तीच मंडळी आता शेजारच्या तालुक्यातल्या जुन्या वाड्यांचे दरवाजे ठोठावत आहेत असं कळलं, म्हणून सविस्तर लिहितेय.

वतनदार आणि सरदार घराण्यांच्या हक्कांसाठी लढणारी संघटना, अशी त्यांनी ओळख करून दिली. छापील लेटरहेड, त्यावर ढाल-तलवार, भगव्या फेट्यातला अध्यक्ष. काका निवृत्त शिक्षक, इतिहासाचे वेडे. घराण्याच्या देशमुखीचे कागद त्यांनी जिवापाड जपलेले. संघटनेचा माणूस अगदी तयारीने आला होता. इंग्रजी अमदानीत मुंबईच्या कायदेमंडळात दख्खनचे सरदार आणि इनामदार यांच्यासाठी स्वतंत्र जागा होती, हे त्याने सांगितलं. खरंच होती. १९७० च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने संस्थानिकांच्या बाजूने निकाल दिला, त्याचं कात्रणही दाखवलं. तेही खरं. मग हळूच म्हणाला, "त्या निकालाप्रमाणे तुमची १९५१ पासूनची थकबाकी केंद्राकडे पडून आहे, गुरुजी."

इथे मेख आहे. तो निकाल संस्थानांच्या राज्यकर्त्यांबद्दल होता, ज्यांना सरकारकडून तनखा मिळायचा. देशमुख, देशपांडे, इनामदार त्यात कधीच नव्हते. शिवाय वर्षभरात, १९७१ साली, २६ वी घटनादुरुस्ती झाली आणि तनखेही बंद झाले. त्या दुरुस्तीला दिलेलं आव्हान १९९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच फेटाळलं. देशमुखी-देशपांडेपणाची आणि कुलकर्ण्यांची वतनं १९५० च्या कायद्याने, १ मे १९५१ पासून गेली. सरंजाम आणि जहागिरी १९५२ च्या नोव्हेंबरात खालसा झाल्या. कात्रण दाखवणाऱ्याने यातलं काहीच सांगितलं नाही.

मग पैसे. सभासद वर्गणी ५,१००. वंशावळ ‘प्रमाणित’ करायला ११,०००. मोडी लिप्यंतर आणि ‘सनदेची नक्कल’ २५,०००. दिल्लीच्या वकिलासाठी ४५,०००. प्रत्येक वेळी पावती, आणि प्रत्येक पावतीवर काकांच्या नावामागे ‘श्रीमंत’. या एका शब्दाने काकांना जेवढं गुंडाळलं तेवढं कात्रणाने नाही, असं माझं मत. (काकू तेव्हापासून म्हणत होती की श्रीमंताच्या घरातली रोख जातेय तेवढी दिसतेय.)

ती सनद माझ्या हातात आली तेव्हा हसावं की रडावं कळेना. मी हौसेने मोडी शिकलेय. कागद चहाच्या पाण्यात बुडवून पिवळा केलेला, अक्षर संगणकावरच्या मोडी फॉन्टचं, प्रत्येक ‘क’ हुबेहूब सारखा. तारीख चक्क ‘१५ मार्च १७७९’. पेशवे दफ्तरातले कागद अशी तारीख घालत नाहीत. तिथे ‘सन तिसा सबैन मया व अलफ’ असा शुहूर सन (अरबी अंकनावांत लिहायची त्या काळची कालगणना) असतो आणि मुसलमानी महिन्याचा चंद्र, म्हणजे तिथी, असते. ‘मोर्तब सुद’, म्हणजे शिक्का झाला, हे कागदाच्या शेवटी येतं. या शहाण्याने ते शीर्षकात टाकलं होतं. घराण्याचे खरे कागद पाहायचे असतील तर पुण्याच्या पुराभिलेखागारात अर्ज करता येतो, नकलाही रीतसर शुल्क भरून मिळतात. त्यासाठी कुणा अध्यक्षाची गरज नाही.

पण पैसे ही त्यातली लहान गोष्ट. त्यांना हवी होती जमीन. वतनाची जी जमीन आमच्याकडे राहिली ती सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग २, म्हणजे शर्तीची, आहे; सरकारला नजराण्याची रक्कम भरल्याशिवाय ती शर्तीतून मोकळी होत नाही. "संघटना ती नजराण्याविना मोकळी करून देईल" असं सांगून त्यांनी काकांकडून कुलमुखत्यारपत्रावर सह्या घेतल्या, वर दोन कोरे मुद्रांक. आधार आणि सातबाऱ्याच्या प्रती आधीच नेलेल्या. चुलतभावाने ते कुलमुखत्यारपत्र वाचलं तेव्हा त्यात ‘विक्री करणे, विसार स्वीकारणे’ हे शब्द निघाले. थकबाकीचं एक अक्षर नव्हतं.

आम्ही वकिलामार्फत ते रद्द केलं, रजिस्टर पोस्टाने कळवलं, दोन वर्तमानपत्रांत जाहीर नोटीस दिली आणि तलाठ्याला लेखी कळवून पोच घेतली. कोऱ्या मुद्रांकांचे नंबर चुलतभावाने खरेदीच्या पावतीवरून शोधले, तेही नोटिशीत टाकले. पोलीस ठाण्यात तक्रार दिली. फोनवरून गेलेल्या रकमेसाठी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर नोंद केली, पण तोवर खातं रिकामं झालेलं. लेटरहेडवरचा नोंदणी क्रमांक घेऊन धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात गेलो, तर तो एका भजनी मंडळाचा निघाला. तुमच्या दारी कुणी आलं तर त्यांचा नोंदणी क्रमांक सगळ्यात आधी तपासा. फुकट होतं ते काम.

काकांना मी दोष देत नाही. घराण्याचा अभिमान असलेल्या माणसाला त्याच्याच इतिहासातल्या खऱ्या गोष्टी सांगून गाठलं होतं, आणि त्या गोष्टी शाळेत कुणी शिकवत नाही.

गेल्या आठवड्यात आणखी एक फोन आला. पलीकडचा म्हणाला, मी वकील, त्या संघटनेने लुबाडलेल्यांचे पैसे परत मिळवून देतो, कोर्टात भरायला आधी ७,५०० पाठवा. काकांनी किती दिले तो आकडा त्याला रुपयापर्यंत पाठ होता. हा आकडा आमच्या घराबाहेर फक्त पोलिसांना आणि त्या मंडळींना माहीत आहे. काकूने त्याला बोलतं ठेवलं, मी नंबर उतरवून घेतला आणि दुसऱ्या दिवशी तो तक्रारीला जोडला.