पॅकिंगचे पैसे घेतले आणि बिल्टीवर लिहिलं ‘मालकाचं पॅकिंग’

नागपूरहून घर हलवणार असाल, तर सामान गाडीत चढायच्या आधी हे वाचा. या उन्हाळ्यात माझ्या ताईचं बिऱ्हाड मनीष नगरातून नाशिकला गेलं. पॅकिंगवाल्याने तिला आधी सामान बांधताना फसवलं आणि मग कागदावर. फुटलेल्या वस्तूंचं वाईट वाटतंच, पण मला खरा संताप त्या कागदाचा आहे.

फोनवर ठरलं होतं ते असं: काच आणि चिनी मातीच्या वस्तूंना ‘तीन थरांचं पॅकिंग’, सामानाला स्वतंत्र गाडी, आणि वरून विमा. सामानाची किंमत तीन लाख धरून तीन टक्क्यांनी विम्याचे ९,००० रुपये वेगळे घेतले.

सकाळची वेळ देऊन पोरं भर दुपारी आली आणि लगेच घाई सुरू झाली. ताईला बेडरूममध्ये कपाटाच्या यादीवर सह्या करायला बसवलं, तोवर स्वयंपाकघर बांधून झालं. मी दारात उभी राहून पाहत होते. जेवणाच्या प्लेटा आडव्या, एकावर एक, मध्ये वर्तमानपत्राचा एकेक कागद. त्यावर मिक्सरची भांडी. आईच्या लोणच्याच्या दोन बरण्या एकमेकींना टेकवून एकाच खोक्यात, अधेमधे काहीच नाही. मग खोकं बंद करून बाहेरून बबल रॅपचे वेढे आणि काचेच्या ग्लासाचं चित्र असलेलं लाल स्टिकर. मी हटकलं तर सुपरवायझर म्हणाला, “ताई, टेन्शन नका घेऊ जी, वरून बबल लावून राहिलो ना!”

फसवणूक नेमकी तिथेच आहे. बबल दिसतो तिथे लावतात, लागतो तिथे लावत नाहीत. प्लेट आडवी ठेवली की वरचं सगळं वजन तिच्या मधोमध येतं. तीच प्लेट वेगळी गुंडाळून कडेवर उभी ठेवली, तर तो भार आणि धक्के कितीतरी चांगले सोसते. टेबलाची काच आणि टीव्हीसुद्धा उभेच न्यायचे. खोक्याच्या तळाशी आणि वर चुरगळलेल्या कागदाची जाड गादी हवी. सपाट कागद धक्का शोषत नाही. जड वस्तू लहान खोक्यात, आणि खोकं पाच किंवा सात प्लायचं, म्हणजे तितक्या थरांच्या पुठ्ठ्याचं. टेप लावण्याआधी खोकं हळूच हलवून पाहा. आतून आवाज आला तर रिकामी जागा राहिली आहे, ते पुन्हा भरायला लावा. पोरं कुरकुर करतील, करू द्या.

स्वतंत्र गाडीही नव्हतीच. मनीष नगरातून निघालेल्या गाडीचा फोटो माझ्याकडे होता. नाशिकला पोहोचलेल्या गाडीचा नंबर वेगळा, आणि आत आणखी दोन घरांचं सामान. ड्रायव्हरनेच सांगितलं की माल वाडीच्या गोडाऊनमध्ये उतरवून पुन्हा भरला होता. म्हणजे ती खोकी आणखी एकदा उचलली, आणखी एकदा आपटली. कोणाच्या कपाटाखाली ती दाबली गेली, ते देव जाणे.

उरलेले पैसे रोख दिल्याशिवाय ड्रायव्हर दार उघडेना. मग ‘सामान सुस्थितीत मिळालं’ या ओळीखाली सही मागितली. भावजींनी तिथेच खोकी उघडली, फोटो काढले आणि पावतीवर ‘तूटफूट आहे, यादी सोबत’ असं लिहूनच सही केली. त्यांच्या या एका कामाचा आम्हाला पुढे सगळ्यात जास्त आधार झाला. दोन्ही बरण्या, निम्म्याहून अधिक प्लेटा आणि देवघराची काच गेली होती.

ताई नाशिकला, म्हणून इथल्या ऑफिसात मी गेले. तिथल्या माणसाने बिल्टी, म्हणजे वाहतूकदाराची माल घेतल्याची पावती, पुढे सरकवली. कोपऱ्यात शिक्का होता: ‘मालकाचं पॅकिंग, मालकाची जोखीम’. पॅकिंगचे पैसे बिलात वेगळे लावलेले, आणि बिल्टी म्हणते पॅकिंग आम्हीच, म्हणजे सामानाच्या मालकांनी केलं! ताईला व्हॉट्सअॅपवर पाठवलेल्या प्रतीत हा शिक्का नव्हता. विम्याची पॉलिसी मागितली तर म्हणे, “तो आमचा अंतर्गत विमा आहे.” असा विमा नसतो. विमा कंपनीचं प्रमाणपत्र आणि त्यावर पॉलिसी क्रमांक हातात आल्याशिवाय विम्याच्या नावाखाली एक रुपयाही देऊ नका. आणि वापरलेल्या घरगुती सामानाला ई-वे बिल (माल नेताना लागणारं जीएसटीचं कागदपत्र) लागत नाही, त्याचे पैसे कोणी मागितले तर स्पष्ट नाही म्हणा.

आम्ही आधी वाहतूकदाराला लेखी नोटीस दिली. रस्ते वाहतुकीच्या २००७ च्या कायद्यानुसार ती बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांत द्यावी लागते. नुसत्या फोनवरच्या भांडणाला अर्थ नाही. मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. त्यानंतर विम्याचे ९,००० परत आले, नुकसानीचा मात्र एक पैसा नाही. आता जिल्हा ग्राहक आयोगात जातो आहोत. २०१९ च्या कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, म्हणून ताई ती नाशिकलाच दाखल करणार आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. दोन्ही बिल्ट्या, शिक्क्याची आणि बिनशिक्क्याची, आणि दोन्ही गाड्यांचे फोटो तिने तक्रारीला जोडले आहेत.