जिल्हा कोर्टातलं लोकअभिरक्षक कार्यालय: भाच्याच्या दुसऱ्या केसचा अनुभव

माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे, कोर्टाची पायरी कधी चढलो नव्हतो, पण गेल्या दिवाळीपासून दर महिन्याला एक दिवस शटर ओढून जिल्ह्याच्या कोर्टात जायलोय. भाचा आहे, बहिणीचा एकुलता एक, वय 20, आणि चोरीची दुसरी केस. जिल्ह्याचं नाव टाकत नाही, कोणाचंच टाकत नाही, केस चालू आहे आणि लेकराचं सगळं आयुष्य पुढं आहे. पण सरकारी मोफत वकील म्हणलं की लोक नाक मुरडतात, मीही मुरडायचो, म्हणून हे लिहायलोय.

आधी पहिल्या केसचं सांगतो, त्याशिवाय दुसरीचं समजणार नाही. ऑगस्ट 2024 मध्ये पोरानं दोन मित्रांसोबत भावकीतल्याच एकाच्या विहिरीवरची मोटारीची केबल कापली, जाळून तांबं काढलं आणि भंगारात विकलं. मला कळलं ते त्याच्या शर्टाच्या वासावरून. जळालेल्या केबलचा वास मी झोपेतही ओळखतो, दुकानात उभं करून विचारलं तर मान खाली घालून नुसता पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरत राहिला. जवळपास नऊ हजाराची केबल होती. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू झालेली, त्यामुळं केस तिच्या कलम 303 ची, म्हणजे चोरीची. बहिणीनं कानातलं मोडून खासगी वकील लावला, आणि वकिलांनी दुसऱ्याच तारखेला सांगितलं, किरकोळ केस आहे, कशाला चार वर्षं तारखा करता, कबूल कर, दंड भर, मोकळा हो. पोरगं कबूल म्हणलं, कोर्ट उठेपर्यंत बसायची शिक्षा भोगली, दंड भरला, आम्ही बाहेर येऊन चहा घेतला. वाटलं सुटलो.

ज्याची केबल होती तो भावकीतला माणूस त्या वेळेस मिटवायला तयार होता हो. नवी केबल घेऊन दे, माझं काही म्हणणं नाही, असं तो पारावर चार माणसांत म्हणला होता. चोरीच्या केसमध्ये मालकानं तडजोड केली तर ती कायद्यात चालते आणि आरोपी निर्दोष सुटल्यासारखाच धरला जातो, हे आम्हाला कोणी सांगितलंच नाही. फी घेतलेल्या माणसानं तेवढं एक वाक्य सांगितलं असतं तर आज हे लिहायची वेळ आली नसती.

दिवाळीच्या तोंडावर दुसरी भानगड. एका शेतकऱ्याच्या शेतातल्या आखाड्यावरून सोयाबीनचे अकरा कट्टे चोरीला गेले, गाडी चालवायला आमचा होता. तो म्हणतो मला भाडं आहे म्हणून बोलावलं होतं, खरं खोटं कोर्टात ठरंल. दोन रात्री लॉकअपमध्ये काढल्या, कोर्टात उभा केला तेव्हा आमच्याकडं वकील द्यायला पैसाच नव्हता, तर लोकअभिरक्षक कार्यालयाच्या, म्हणजे सरकारी मोफत वकिलांच्या ऑफिसातल्या, एक मॅडम स्वतःहून उभ्या राहिल्या. कोठडीतल्या माणसाला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. जामिनावर बाहेर आल्यावर पुढच्या कामासाठी तहसीलचा उत्पन्नाचा दाखला दिला, महाराष्ट्रात 3 लाखाच्या आत असलं की चालतं. हे वकील पूर्णवेळ ह्याच कामाला असतात, खासगी केस घेता येत नाही, त्यामुळं दर तारखेला पाकीट काढायचं टेन्शन नाही. आजपर्यंत झेरॉक्स आणि जामीनदाराच्या सातबाऱ्याचा खर्च सोडला तर आमचा एक रुपया गेला नाही.

पहिल्याच भेटीत मॅडमनी विचारलं, आधी काही केस होती का? पोरगं नाही म्हणलं. त्यांनी काही न बोलता कॉम्प्युटरवर त्याचं नाव टाकलं, स्क्रीन त्याच्याकडं फिरवली आणि परत विचारलं, बाळा, आधी काही केस होती का? तेव्हा त्याच्या डोळ्यात पाणी आलं. मग त्यांनी एक कोरा कागद घेऊन मधोमध रेघ मारली, डावीकडं लिहिलं पहिल्यांदा आणि उजवीकडं दुसऱ्यांदा. तो कागद माझ्या दुकानाच्या गल्ल्यात आहे.

डावीकडं: चोरीला 3 वर्षांपर्यंत कैद, किंवा नुसता दंड, किंवा दोन्ही. 5000 च्या आतला माल असला आणि परत केला तर पहिल्यांदा दोषी ठरलेल्याला समाजसेवेची शिक्षा. उजवीकडं: किमान 1 वर्ष सक्तमजुरी, 5 वर्षांपर्यंत, आणि वर दंड. किमान ह्या शब्दाखाली त्यांनी दोन रेघा मारल्या. म्हणजे आता दंड भरून मोकळा हो ही वाट बंद. त्या दोन रात्री सोडल्या तर ज्या पोरानं जेलचा दरवाजा बघितला नाही त्याच्या डोक्यावर वर्षभराची सक्तमजुरी, आणि कशामुळं, तर दीड वर्षापूर्वी म्हणलेल्या एका कबूल शब्दामुळं.

मी म्हणलं मॅडम, सोयाबीनवाला शेतकरी ओळखीचा आहे, भरपाई देतो, तडजोड करून टाकू. सरपंचांना मध्ये घालून मी सगळं जमवलं होतं, त्या माणसाला सोबतच घेऊन गेलो होतो. मॅडमनी त्याला बसवलं, पाणी दिलं आणि सांगितलं की आधीच्या शिक्षेमुळं ज्याला जास्तीची शिक्षा होऊ शकते त्याच्या केसमध्ये तडजोड कायद्यानं चालत नाही. तक्रारदाराची इच्छा असली तरी नाही. तो शेतकरीच म्हणाला, म्हणजे मी माफ केलं तरी चालत नाही का? नाही म्हणल्या. परत येताना गाडीवर आम्ही दोघं एक शब्द बोललो नाही.

पहिली केस फिरवता येईल का हेही विचारून झालं. कबुली देऊन शिक्षा घेतली की अपील फक्त शिक्षा किती आणि कायदेशीर आहे का एवढ्यावरच चालतं, गुन्हाच केला नाही असं म्हणायला जागा राहत नाही.

मग आशा काय, तर प्रोबेशनचा, म्हणजे जेलऐवजी चांगल्या वर्तनाच्या हमीवर सोडायचा, 1958 चा कायदा. त्याच्या कलम 6 मध्ये 21 वर्षांच्या आतल्या आरोपीला शक्यतो जेलात पाठवू नये असं आहे, पाठवायचंच असलं तर कोर्टाला कारण लिहावं लागतं आणि आधी परिवीक्षा (प्रोबेशन) अधिकाऱ्याचा रिपोर्ट मागवावा लागतो. मॅडमनी स्वच्छ सांगितलं, मागू आपण, पण आधीची शिक्षा आणि ते किमान 1 वर्ष दोन्ही आडवे येतील, हमी देत नाही. आणि इथंच त्यांनी ती गोष्ट सांगितली जी मला कोणीच सांगितली नसती. वय गुन्ह्याच्या दिवसाचं धरत नाहीत, खालचं कोर्ट शिक्षा सुनावतं त्या दिवसाचं धरतात, सुप्रीम कोर्टानं फार पूर्वीच ठरवलंय. आमचं लेकरू येत्या पोळ्याच्या आसपास 21 पूर्ण करतंय. म्हणजे इकडं सगळे तारीख पुढं ढकलायला बघतात आणि आम्हाला एक एक तारीख महागात पडायलीय. त्यांनी केस लवकर चालवायचा अर्ज दिलाय. जो वकील तारखेवर पैसे घेतो तो असा अर्ज देईल का, तुम्हीच सांगा.

पोरालाही त्यांनी बाजूला बसवून समजावलं. जामिनावर असताना अजून काही केलं तर जामीन रद्द, पोलिस चांगल्या वर्तनाचा बाँड मागू शकतात, तडीपारीचा प्रस्ताव गेला तर 2 वर्षांपर्यंत जिल्ह्याबाहेर. हा पहाटे पाचला उठून पोलिस भरतीसाठी ग्राउंडवर पळायचा. त्यानं भीत भीत विचारलं, मॅडम, भरतीचं काय? त्या म्हणाल्या, फॉर्ममध्ये लपवायचं नाही, लपवलेलं चारित्र्य पडताळणीत सापडतं आणि सापडलं की लपवलं म्हणूनच काढता येतं, 2016 चा सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे. खरं लिहूनही घेतीलच असं नाही. त्यानं मान हलवली. बुटं अजून खुंटीला आहेत.

कमतरता पण सांगतो. बसायला दोन बाकडी, माणसं पन्नास. मॅडम कोर्टात उभ्या असल्या की फोन लागत नाही, मधल्या सुट्टीतच गाठावं लागतं. एकदा त्यांना दुसऱ्या कोर्टात जावं लागलं तर दुसरे वकील आले, त्यांना फाइल माहीत नव्हती, तारीख फुकट गेली, आणि आमच्यासाठी फुकट गेलेली तारीख म्हणजे काय ते वर लिहिलंच आहे. ह्याचा एक स्टार कापतो. पाचपैकी चार.

ज्यांना जायचंय त्यांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस कोर्टाच्या आवारात विचारावं किंवा 15100 ला फोन लावावा. आधार, उत्पन्नाचा दाखला, एफआयआरची कॉपी न्या, आणि जुनी केस असली तर तिच्या निकालाची कॉपी पहिल्याच दिवशी न्या, आमचे दोन आठवडे त्यातच गेले. आणि पहिलीच केस असंल, कोणी कबूल करून टाक म्हणालं, तर सही करायच्या आधी एकदा ह्या ऑफिसात विचारून या.

आमची पुढची तारीख मंगळवारी आहे, शेतकऱ्याची साक्ष आहे. पोरगं सध्या माझ्याकडंच वाइंडिंग शिकायलंय, हात चांगला बसलाय त्याचा.