इजिप्तची चित्रं की बॅबिलोनच्या खुणा?

३६६१ ही संख्या इजिप्तच्या चित्रलिपीत लिहायची तर तीन कमळं, दोराची सहा वेटोळी, दहाच्या सहा कमानी आणि एक उभी रेघ, अशी सोळा चिन्हं लागतात. बॅबिलोनचा लेखनिक तेच काम ओल्या मातीवर बोरूचे तीन ठसे उमटवून संपवायचा. एक ३६००, एक ६०, एक १. ठसा तोच, जागेनुसार किंमत साठपट.

मला हे विलक्षण वाटतं. आपण एकक-दशक म्हणतो, त्यामागची कल्पना इथे सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच कामाला लागलेली दिसते. येल विद्यापीठातल्या एका जुन्या मातीच्या पाटीवर २ चं वर्गमूळ १, २४, ५१, १० असं साठाच्या पटीत कोरलंय, म्हणजे १ + २४/६० + ५१/३६०० + १०/२१६०००. आपल्या दशांशात ते १.४१४२१ पर्यंत बरोबर येतं!

पण शून्य नव्हतं. सुटा ठसा १ की ६०, हे संदर्भावरूनच ओळखायचं. मधली रिकामी जागा दाखवणारी खूण फार उशिरा आली. इजिप्तमध्ये हा घोळ नाही. चिन्हं उलटसुलट मांडली तरी बेरीज तीच. गुणाकारही दुपटीने: १३ × २४ साठी २४, ४८, ९६, १९२ लिहायचे आणि १३ = १ + ४ + ८ म्हणून त्यातले २४, ९६, १९२ मिळवायचे. उत्तर ३१२.

धान्य मोजायला मी इजिप्तची पद्धत घेईन, आकाश मोजायला बॅबिलोनची. घड्याळातली ६० मिनिटं त्यांच्याच साठाच्या हिशोबातून आली आहेत.